स्थानिक वारसा, प्राथमिक शाळेतील मूल आणि नवे तंत्र
(व्याख्यानाचा मजकूर)



वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे एक लहानसे गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर पिकविणाऱ्या आसपासच्या चार गावांसारखेच ते दिसते. परंतु भूशास्त्राच्या ग्रंथांत या गावाचे नाव दीडशे वर्षांहून अधिक काळ नोंदलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी येथील जीवाश्म गोळा केले. त्यानंतर अनेक अभ्यासक आले आणि गेले. २००५ साली 'सायन्स' या जगद्विख्यात नियतकालिकात डॉ. वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पिसदुऱ्याच्या शिवारात सापडलेल्या, दगड बनलेल्या प्राचीन विष्ठेचे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले होते. तिच्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण मिळाले. डायनासोरांच्या काळी पृथ्वीवर गवत नव्हतेच, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. ती समजूत या तालुक्यातील दगडांनी खोटी ठरविली.

याच पट्ट्यातील डोंगरगावच्या टेकडीत सापडलेल्या सांगाड्यावरून एका महाकाय शाकाहारी प्राण्याची ओळख जगाला १९९७ मध्ये झाली. पुढे २००३ साली कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून त्यास 'आयसीसॉरस' असे स्वतंत्र नाव मिळाले.

आता वरोऱ्यातील तिसरीच्या मुलाला डायनासोरांची नावे विचारावीत. तो अमेरिकेतील चार-पाच नावे धडाधड सांगेल, कारण ती त्याने पडद्यावर पाहिली आहेत. आयसीसॉरसचे नाव मात्र त्याच्या कानावर आलेले नसते. दोष मुलाचा नाही. ज्या पडद्याने त्याला परदेशातील प्राणी दाखविला, त्याच पडद्याचा उपयोग करून त्याच्या स्वतःच्या शिवारातील प्राणी त्याच्यापुढे कोणी उभा केला नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे.

महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणातून स्थानिक परिसर शिकविण्याची परंपरा जुनी आहे. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळे छापले, ही देशात अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. तथापि जिल्हा म्हटला तरी तो केवढा मोठा! पुस्तकात जिल्ह्याला काही पाने मिळतात, तालुक्याला काही ओळी आणि गल्लीतील विहिरीला एकही शब्द नाही. ही उणीव छापील पुस्तक भरून काढू शकणार नाही. ती मुलांनीच भरून काढावी लागेल, आणि आज त्यांच्या हाताशी तसे साधन आहे.

साधनाचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण प्रथम आठवते. माढा तालुक्यातील या वस्तीवरील जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले. त्यांनी क्रमिक पुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड चिकटविण्यास सुरुवात केली. मुलाने घरातील मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. हा प्रयोग पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आला. डिसोबर २०२० मध्ये श्री. डिसले यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. व्यापारी समाजाने या वाटणीची नोंद घ्यावी, कारण ती फारशी कोणत्या हिशेबात बसत नाही!

क्यूआर कोड म्हणजे काय, हे आता कोणत्याही दुकानदारास समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. तो गल्ल्यावरच ठेवलेला असतो. १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी तो तयार केला. ठिपक्यांच्या त्या चौकोनात ना कविता असते, ना चित्रपट. त्यात बहुधा केवळ एक पत्ता असतो आणि मोबाइल त्या पत्त्यावर जाऊन पोहोचतो. म्हणून खरा प्रश्न असा की, त्या पत्त्यावर काय ठेवावयाचे आणि ते कोणी तयार करावयाचे?

येथेच बहुतेक शाळांचे पाऊल अडते. डिजिटल वर्ग म्हणजे भिंतीवर मोठा पडदा आणि समोर रांगेत बसलेली चाळीस मुले, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. शिक्षक बटन दाबतात, मुले पाहतात. खडू-फळ्याच्या काळात निदान एखाद्या मुलाला फळ्यापाशी बोलावले जाई. मुलाला केवळ प्रेक्षक करणारे यंत्र कितीही किमती असले, तरी ते मुलाला वारसा देऊ शकत नाही. सहा ते दहा वर्षांचे मूल हाताने शिकते. त्याने मोजावे, विचारावे, आवाज भरून घ्यावा, माती मळावी, चित्र काढावे आणि हे सर्व इतरांपर्यंत नेण्याचे काम यंत्राने करावे, असा क्रम हवा.

भद्रावतीचेच उदाहरण घेऊ. वरोऱ्याहून हे गाव वीस-बावीस किलोमीटरवर. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर मात्र 'भांदक' असे नाव. एकाच गावाला दोन नावे का, हा एक प्रश्न तिसरीच्या मुलाला आठवडाभर पुरेल. येथे स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथांचे तीर्थ आहे. अरण्यात दडलेली ती मूर्ती गेल्या शतकाच्या आरंभी उजेडात आली. येथेच भद्रनागाचे मंदिर, गवराळ्याचा गणपती, डोलारा तलावातील दगडी खांबांचा प्राचीन पूल आणि विजासन टेकडीतील बौद्ध लेणी आहेत. इतक्या परंपरा एका दिवसाच्या पायपिटीत भेटाव्यात, असे गाव जवळपास दुसरे नाही.

आपल्या शाळांच्या सहली तेथे जातात. बस येते, डबे उघडतात, दर्शनाची रांग लागते, पायऱ्यांवर सामूहिक छायाचित्र निघते आणि बस परत फिरते. दुसऱ्या दिवशी 'सहल' या विषयावर निबंध. सर्व मुलांचा निबंध जवळजवळ सारखाच!

आता हीच सहल वेगळ्या रीतीने योजून पाहावी. चाळीस मुलांचे पाच-पाचचे आठ गट करावेत. प्रत्येक गटामागे एक शिक्षक किंवा पालक आणि एकच मोबाइल. विजासनच्या लेण्यात एक लांब दालन सरळ टेकडीच्या पोटात शिरते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दालने फुटतात. एका गटाने ती पावलांनी मोजून वहीत आराखडा काढावा. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात भांदकला आले, तेव्हा त्यांनीही मापेच घेतली होती. दुसऱ्या गटाने लेण्यात एक शब्द उच्चारून त्याचा घुमणारा आवाज मोबाइलमध्ये भरून घ्यावा. तिसऱ्याने डोलारा पुलाचे खांब मोजावेत, चौथ्याने मंदिराबाहेरील फूलवाल्या आजींना त्यांच्या लहानपणचे गाव कसे होते ते विचारावे. शाळेत परतल्यावर एका मोठ्या कापडावर सर्वांनी मिळून भद्रावतीचे चित्र रंगवावे आणि ज्या त्या जागी क्यूआर कोडची चिठ्ठी चिकटवावी. पाहुण्याने त्यावर मोबाइल धरला की त्या मुलाच्याच आवाजात माहिती ऐकू यावी. कापडाचा खर्च फार नाही. पांढऱ्या मांजरपाटाचे पाच-सहा मीटर पुरेत.

कापडावरून आणखी एक सुचते. आयसीसॉरसची लांबी सुमारे अठरा मीटर असावी, असा एक अंदाज आहे. हा आकडा फळ्यावर लिहून मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही. परंतु शाळेच्या मैदानावर ताक्यातील अठरा मीटर कापड उलगडून एका टोकाला डोके आणि दुसऱ्या टोकाला शेपटी अशी दोन मुले उभी करावीत. मग मध्ये किती मुले हात पसरून मावतात, ते मोजावे. एवढे झाले की तो प्राणी त्यांच्या मालकीचा होतो.

त्यापुढची पायरी हलत्या चित्राची. विदर्भातील मुलांना तान्हा पोळा ठाऊक आहे. लाकडी नंदीला चाके लावून ओढत नेण्यातील आनंद त्यांना शिकवावा लागत नाही. मातीचा आयसीसॉरस करावा, मोबाइल विटांच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि प्राणी तिळातिळाने सरकवून दर वेळी एक छायाचित्र घ्यावे. सेकंदाला बारा चित्रे धरली, तर एका मिनिटाच्या चित्रपटाला सातशे वीस चित्रे लागतात. हे काम जोडण्याच्या विनामूल्य सुविधा आज साध्या मोबाइलवर मिळतात. हे तंत्र परके मानण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, कुंडीतील वाटाण्याचे बी उगवताना अशाच एकेका चित्राने टिपले आणि 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. सातशे वीस वेळा माती सरकविणारे मूल त्या प्राण्याला जन्मभर विसरत नाही. संयम शिकविण्याचा याहून सोपा पाठ कोणत्याही पाठशाळेत सापडणार नाही.

वरोरा शहराचा स्वतःचा वारसाही दुर्लक्षिला जाऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत येथे सरकारी कोळसा खाण सुरू झाली आणि त्या कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला. १९०६ मध्ये खाण बंद पडली. रेल्वे राहिली, बाजारपेठ राहिली, खाणीची आठवण तेवढी पुसट झाली. गावाबाहेर आनंदवन आहे. १९४९ साली बाबा आमटे आणि साधनाताई थोड्याशा कुष्ठरुग्णांसह येथील खडकाळ माळावर आले. साऱ्या जगातून लोक ते पाहण्यास येतात. वरोऱ्यातील मुलांनी मात्र तेथील वृद्ध रहिवाशांना, त्यांची संमती घेऊन, पहिली विहीर, पहिले पीक यांविषयी विचारले, तर जे ऐकावयास मिळेल ते कोणत्याही पुस्तकात नसेल. अशा भेटी आता फार काळ पुढे ढकलता येणार नाहीत. पहिल्या पिढीतील माणसे बोटांवर मोजण्याइतकीच उरणार.

आवाज साठवून ठेवण्याचे मोल काय असते, हे जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाने दाखवून दिले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. गिरण्या आल्या, जाती अंगणात पालथी पडली, गाणाऱ्या कित्येक बायका निवर्तल्या, परंतु ज्यांचा आवाज वेळीच भरून घेतला गेला, त्यांचे गाणे आजही ऐकता येते. आपल्या भागातील दंडार, वऱ्हाडी आणि झाडी बोलीतील म्हणी, गोंडी बोलणाऱ्या घरांतील झाडांची आणि पाखरांची नावे यांचे असे काय होणार, याचा विचार व्हावा. ज्या मुलाच्या घरी गोंडी बोलली जाते ते वर्गात बहुधा गप्प असते. मोहाच्या झाडाची नोंद घ्यावयाची आहे, तुझ्या आजीला विचारून ये, असे त्याला सांगितले की वर्गात त्या दिवशी सर्वांत अधिक माहिती त्याच्याकडे असते. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीव्हीवर' या खुल्या व्यासपीठावर मुलांची सचित्र गोष्ट कोणालाही आपल्या भाषेत रचता येते. आजीकडून मिळालेली गोष्ट तेथपर्यंत नेणे चौथीच्या वर्गालाही, शिक्षकांच्या मदतीने, अशक्य नाही.

आता थोडे घरातील वारशाविषयी. व्यापारी घरांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या असतात. काही मोडीत, काही महाजनी लिपीत, काहींच्या पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक. लक्ष्मीपूजनास नवी वही येते आणि जुनी माळ्यावर जाते. तेथून वीस-पंचवीस वर्षांनी, बहुधा दिवाळीच्याच साफसफाईत, ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. किलोचा भाव काय मिळतो ते सर्वांस ठाऊक आहे! वास्तविक त्या वहीत धोतरजोडीचा भाव आहे, कापसाच्या गाड्या कोणकोणत्या गावांहून येत त्यांची नावे आहेत, दुष्काळाच्या सालची उधारी आहे आणि दानधर्माचे खातेही आहे. वरोऱ्याच्या बाजारपेठेचा यापेक्षा विश्वसनीय इतिहास दुसरा नाही. तो वाचू शकणारी माणसे आता फार थोडी राहिली आहेत. वही उरली आणि वाचणारा गेला, तर ती वही असून नसल्यासारखीच.

म्हणून एक सोपा उपक्रम. मुलाने आजोबांशेजारी बसावे. वहीचे एक पान मोबाइलने, उजेडात, सावली न पाडता टिपावे. आजोबांनी ते पान मोठ्याने वाचावे आणि मुलाने ते भरून घ्यावे. पान आणि आवाज एकत्र जपावेत. पुढे मोडी शिकणाऱ्या कोणासही त्या आवाजाच्या आधारे अक्षर लावता येईल. एक पथ्य मात्र पाळावे. भावाचे पान प्रदर्शनात ठेवण्यास हरकत नाही, परंतु कोणाच्या आजोबांचे देणे किती थकले होते, ते शाळेच्या भिंतीवर झळकू नये.

पथ्यांचा विषय निघालाच आहे, तर आणखी दोन सांगणे अवश्य आहे. पिसदुऱ्यास नेलेले मूल तेथील चमत्कारिक दगड खिशात घालणार, हे निश्चित. तेथे शिक्षकांनी अदत्तादान म्हणजे काय ते समजावून सांगावे. दगडाशेजारी मापासाठी एक रुपयाचे नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी, दगड जेथे होता तेथेच ठेवावा आणि आपले नाणे तेवढे आठवणीने उचलावे! जागेवरून हललेला जीवाश्म अभ्यासकाच्या दृष्टीने निम्मा मुका होतो.

दुसरे पथ्य आजच्या काळाचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती क्षणात प्राचीन भद्रावतीचे देखणे चित्र काढून देते. त्या चित्रातील शिखर कधीच अस्तित्वात नसते, परंतु मुलाला ते खरे वाटते आणि दहा ठिकाणी फिरल्यावर मोठ्यांनाही वाटू लागते. मुलांच्या संग्रहात मुलाने पाहिलेले, मोजलेले किंवा कोणाकडून ऐकलेले तेवढेच जावे, ऐकलेल्याखाली सांगणाऱ्याचे नाव असावे आणि कल्पनेने काढलेल्या चित्राखाली 'कल्पनाचित्र' हा शब्द ठळक लिहावा.

राहिला खर्चाचा विषय. संस्थांना देणगी देताना संगणक देण्याकडे ओढा असतो, कारण तो दिसतो आणि त्यावर नाव घालता येते. आयकराच्या नियमांत २०१७-१८ पासून संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा ठरला. पन्नास हजारांचा संगणक पहिल्या वर्षाअखेर तीस हजारांचा, दुसऱ्या वर्षाअखेर अठरा हजारांचा आणि तिसऱ्या वर्षाअखेर दहा हजार आठशेचा उरतो. धूळ खात कपाटात राहिला, तर तेवढाही नाही. याउलट नव्वदीच्या आजींचा भरून घेतलेला आवाज दरवर्षी अधिक मोलाचा होतो. त्याचे खाते कोणत्याही ताळेबंदात नसते, म्हणून देणगीदाराच्या नजरेस येत नाही. यंत्र नवे घेण्यापूर्वी घराघरांत बाजूला पडलेले जुने मोबाइल गोळा करावेत. छायाचित्र घेण्यास आणि आवाज भरण्यास ते पुरेसे असतात आणि त्यात सिमकार्ड नसल्याने मुले भलतीकडे वळत नाहीत. पैसा खर्च करावयाचाच, तर तो शिक्षकांच्या प्रशिक्षणावर, बसच्या भाड्यावर आणि नोंदी जपण्यावर व्हावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक शाळेबाहेर. शिवाय एक साधे कागदी रजिस्टर हवे. कोणाचा आवाज, कोणी घेतला, कोठे, कोणत्या तारखेस. रजिस्टरावाचून हजार ध्वनिफिती म्हणजे चिठ्ठी नसलेल्या मालाचे गोदाम.

मुलांना जुन्या वास्तूंत रस नसतो, असा आक्षेप कोणी घेईल. चंद्रपूरचे उदाहरण त्यास पुरे आहे. गोंड राजांनी बांधलेला तेथील परकोट, चार वेशी आणि पाच खिडक्यांसह, झाडाझुडपांत आणि कचऱ्यात बुडाला होता. २०१७ साली 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनी श्री. बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने रोज पहाटे श्रमदान करून त्याची स्वच्छता आरंभिली. त्याच वर्षी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. तट झाडाझुडपांतून मोकळा झाल्यावर लोक त्यावरून चालू लागले. वेशीवरील सिंह आणि हत्ती यांचे गोंड राजचिन्ह रोज त्याखालून जाणाऱ्या किती मुलांनी मान वर करून पाहिले असेल? त्याचे चित्र काढून आणावयास सांगितले, तर सर्व वर्ग मान वर करील.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रारंभ लहानच असावा. एक शाळा, एक वर्ग, दोन उत्साही शिक्षक, आठ जुने मोबाइल आणि एक रजिस्टर. पहिल्या सत्रात घरातील वह्या आणि आजी-आजोबांचे आवाज, दुसऱ्या सत्रात भद्रावती. पिसदुरा त्यानंतर, आणि तेही भूशास्त्राचा जाणकार सोबत असेल तेव्हाच. वर्षाअखेर मुलांनी रंगविलेले कापड ट्रस्टच्या सभागृहात लावावे आणि ज्यांचे आवाज त्यात आहेत, त्या वृद्धांना पहिल्या रांगेत बसवावे. तोवर माळ्यावरील वह्या रद्दीवाल्याकडे जाऊ नयेत, एवढी काळजी प्रत्येक घराने घ्यावी. दिवाळीची साफसफाई फार दूर नाही.

जय जिनेंद्र!